कापलेलं कडवं

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. चळवळीच्या आठवणी विचारायला कुणी आलं की मी सभा, मोर्चे, कोठडीतले दिवस असं सगळं सांगायचो आणि गाण्यापाशी आलो की चहा मागवायचो. आता नातीने अडवलं. ती वकील आहे, कलावंतांच्या हक्काचे दावे चालवते. परवा तिने फोनवर एक गाणं लावलं. ढोलबिल घालून, यंत्रातून आवाज काढून कुणीतरी नवं केलेलं. खाली लिहिलं होतं: पारंपरिक.

"आजोबा, हे तुमच्या पथकाचं ना? मूळ कुणाचं?"

मूळ शाहिराचं. शब्द त्याचे, चाल त्याची. आणि 'पारंपरिक' हा शब्द त्याला मी चिकटवला.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली तेव्हा मी गिरगावात फणसवाडीत राहत होतो आणि फोर्टात एका सॉलिसिटरकडे कारकून होतो. संध्याकाळी परळला जाऊन कलापथकात झील धरायचो, म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागे उभं राहून "जी जी" करायचं. मुख्य गाणारा शाहीर माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, मोठ्या दीक्षेच्या वेळी घरच्यांसह बौद्ध झालेला. मला तो नावाने कधी हाक मारायचा नाही, 'गिरगावकर' म्हणायचा. मी त्याला शाहीर म्हणायचो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ते नाव सांगायचा हक्क मी ज्या दिवशी घालवला त्या दिवसाचीच ही हकीकत आहे.

त्याचं एक कवन लालबाग-परळमध्ये घरोघर झालं होतं.

"भोंगा झाला, उठा गड्यांनो, पाळी लागली दाराला,
मुंबई आमच्या हातांनी विणली, सोडू कशी ती बाजाराला?"

हे म्हणताना तो डफावर अशी थाप मारायचा की गॅलऱ्यांतल्या बायका हातातलं काम टाकून कठड्याशी यायच्या. त्याच्या मागे मी उभा आहे, या गोष्टीचा मला तेव्हा जितका अभिमान वाटायचा तितकाच आजही वाटतो. त्यात कुठे खोट नाही.

कवनाच्या शेवटच्या कडव्यात शाहिराने आपलं नाव गुंफलं होतं. परळची चाळ, साच्यावरची रातपाळी, आणि हे कवन करणारा मी अमका. शाहिरांची ती जुनी रीतच. शेवटी नाव आलं की ऐकणारा समजतो, कवन पुरं झालं आणि ते कुणाचं आहे.

मध्ये एक कडवं मी घातलं होतं. सह्याद्री, गोदावरी, तुतारीचा निनाद वगैरे. शाहिराने ते ऐकलं आणि म्हणाला, "चांगलंय रे गिरगावकर. फक्त म्हणायच्या आधी जीभ घासून घ्यावी लागते." सगळे हसले. पण कडवं त्याने ठेवलं आणि दर सभेत माझ्याकडे बघत म्हटलं.

मग गिरगावातल्या एका लहानशा कंपनीने त्या गाण्याची रेकॉर्ड काढायची ठरवली. तबकडीच्या एका बाजूला तेव्हा जेमतेम तीन मिनिटं मावायची. तालमीत घड्याळ लावून ऐकल्यावर रेकॉर्डवाला म्हणाला, "एक कडवं जास्त होतंय." शाहीर तेव्हा खाली गेला होता. दमट हवेने डफ सैल पडला होता, तो समोरच्या चहावाल्याच्या शेगडीवर शेकायला. रेकॉर्डवाल्याने मलाच विचारलं, "लवकर सांगा, कुठलं काढू?"

माझं कडवं काढलं असतं तर प्रश्न मिटत होता. ते नंतर घातलेलं, त्याच्यावाचून कवनाचं काही अडत नव्हतं. मी म्हणालो, "शेवटचं काढा. त्यात नुसतं नावगाव आहे."

शाहीर डफ घेऊन वर आला.

"शाहीर, वेळ पुरत नाही. शेवटचं कडवं बसत नाही म्हणतात."

"बसत नाही?" त्याने डफावर बोट वाजवून पाहिलं. "मग राहू दे. लोक म्हणतील."

रेकॉर्ड झाली. निघताना तबकडीवर कवी म्हणून कुणाचं नाव छापायचं, हेही रेकॉर्डवाल्याने मलाच विचारलं. शाहिराचं नाव सांगितलं तर माझं कडवंही त्याच्या नावावर जाणार होतं, आणि ते मला सोसवेना. माझं नाव सांगायची छाती नव्हती. म्हणून म्हणालो, "पारंपरिक लिहा." पुढे मी स्वतःला समजावलं की पोलिसांपासून शाहिराला वाचवायला मी तसं केलं. शाहीर तर पोलिसांच्या गाडीत बसूनसुद्धा तेच कवन म्हणायचा.

वर्षाच्या आत एका सिनेमावाल्याने ते गाणं उचललं. शाहीर खाडा करून मला भेटायला कचेरीत आला. मी त्याला आमच्या साहेबांपुढे नेलं.

"पैसे नकोत मला, साहेब," तो म्हणाला. "पडद्यावर नाव पाहिजे."

साहेबांनी तबकडी उलटसुलट करून पाहिली. "पारंपरिक म्हणजे कुणाचंच नाही. मग कोणीही घ्यावं."

"गिरगावकर, सांग की साहेबांना."

"गाणं शाहिरांचंच आहे," मी म्हणालो.

"मग हे पारंपरिक कोणी छापलं?"

"रेकॉर्डवाल्यांनी. परस्पर."

शाहिराने माझ्याकडे पाहून मान हलवली. त्याला ते पटलं होतं. जिना उतरल्यावर त्याने मला इराण्याकडे नेऊन चहा पाजला. मालक आमचं शोषण करतात अशी पत्रकं तेव्हा मीच लिहायचो. तो शब्द मला फार आवडायचा.

रात्री परळला त्याच्या खोलीवर गेलो तेव्हा त्याची बायको भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "भावजी, गिरणीवाल्यानं कापड नेलं, यांनी कवन नेलं. नेणाऱ्याला आमचंच घर बरं सापडतं." तिचा रोख सिनेमावाल्यावर होता. मी भाकरी खाल्ली.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्या दिवशी लालबागच्या एका चाळीत गॅलरीवर कर्णा बांधून हीच रेकॉर्ड लावली होती. खाली अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. शाहीर आणि मी गर्दीत उभे. माझं कडवं वाजून गेलं, गाणं संपलं, सुई नुसतीच घासायला लागली. मला वाटलं, आता दुसरी तबकडी लावतील.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून एका बाईने पुढचं कडवं उचललं, तबकडीवर नसलेलं. मग दुसऱ्या मजल्याने, मग अंगणाने. परळची चाळ आली, रातपाळी आली आणि सगळ्या चाळीने मिळून शाहिराचं नाव घेतलं. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी सांगितलं नव्हतं. तिथे प्रत्येक वेळी सुई घासायला लागली की असंच होतं, हे मला मागाहून कळलं. कंपनी, सिनेमा, कायदा आणि मी, कुणालाच त्यांनी जुमानलं नव्हतं. ज्याचं होतं त्याला त्यांनी ते देऊन टाकलं होतं. एवढी अभिमानाची घटका माझ्या आयुष्यात दुसरी नाही. शाहिराने मला कोपर मारलं. "बघ, म्हटलं नव्हतं? लोक म्हणतील."

नातीला मी म्हटलं, या गाण्याचा दावा लावलास तर त्या चाळीतलं कोणी हयात असेल त्याला साक्षीला घे. ती म्हणाली, "आधी तुम्ही लिहा."

शाहीर थकला, अंथरुणाला खिळला, तेव्हा एकदा मनाशी ठरवून परळला गेलो होतो. त्याच्या उशाशी बसलो.

"शाहीर, त्या रेकॉर्डचं एक सांगायचं राहिलंय."

"कुठल्या बाजूचं?" म्हणाला आणि खोकता खोकता हसला. "ते असू दे. आधी झील धर."

त्याने डोळे मिटून कवन सुरू केलं. आवाज उरला नव्हता, ताल होता. भिंतीपलीकडचे शेजारी दारात येऊन उभे राहिले. माझं कडवं त्याने गाळलं नाही. शेवटी स्वतःच्या नावापाशी पोचला तेव्हा मी "जी जी" केलं. मग तो झोपला. वहिनी म्हणाल्या, "आता उद्या बोला, भावजी."

मी दुसऱ्या दिवशी गेलो नाही. त्यानंतरही गेलो नाही, आणि मग तो गेला. मला एवढंच म्हणायचं होतं: शाहीर, वेळ पुरत होता. माझं कडवं काढलं असतं तर तुमचं बसत होतं. मी ते काढलं नाही. मला माफ करा.