फाटकातली खुर्ची

माझा दादा म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात भित्रा माणूस, असं आम्ही त्याला चिडवायचो. घराबाहेर पडल्यावर शेगडी बंद केली का म्हणून हा परत जिना चढणार, गाडीत मागे बसलेल्यालाही पट्टा लावायला लावणार, कुणी शिडीवर चढलं की हातातलं काम टाकून खाली शिडी धरून उभा राहणार. नोकरीही त्याला स्वभावाला साजेशीच मिळाली. परदेशात एका मोठ्या गोदामात तो सेफ्टीचं काम बघायचा. कामगारांच्या डोक्यावर हेल्मेट आहे का, सामान उचलणाऱ्या गाड्यांच्या वाटेत कुणी उभं नाही ना, आगीच्या वेळी पळायच्या दारापुढे कुणी खोकी रचून ठेवली नाहीत ना, हे बघायचं आणि चूक दिसली की बोंब मारायची. लोकांना टोकण्याचा पगार मिळतो असा हा एकटाच, असं वहिनी म्हणायची. तेव्हा ती दादाची चेष्टा करायची.

कंपनीने त्यांना राहायला वसाहतीत तळमजल्यावरचा फ्लॅट दिला होता. चार इमारती, मध्ये हिरवळ, आणि हिरवळीच्या अलीकडे पोहण्याचा तलाव. तलावाला छातीइतकं उंच लोखंडी कुंपण आणि दोन्ही बाजूंना एकेक फाटक. फाटकाला स्प्रिंग होती, हात सोडला की ते आपलं आपण बंद व्हायचं. कडी मुद्दाम वर, लहान मुलाचा हात पोचणार नाही अशी. शेजारी मोठा फलक, मोठ्या माणसाशिवाय मुलांना आत सोडू नये. त्या देशात हे सगळं कायद्याने करावंच लागतं. करतातही ते मुकाट्याने.

आपली मंडळी मात्र मुकाट्याने काही करतील तर शपथ. तलावाला वळसा घालून हिरवळीवर जायचं म्हणजे चार पावलं जास्त चालायचं, ती कोण चालणार? मग एका फाटकातून आत शिरायचं, तलावाच्या कडेकडेने जायचं आणि दुसऱ्या फाटकातून हिरवळीवर उतरायचं. हातात भांडी असली की कडी कशी उघडणार? मग फाटकात एक पांढरी प्लास्टिकची खुर्ची अडकवून ठेवायची. प्रत्येक जेवणावळीला ही खुर्ची तिथे ठरलेली. तलावाचा राखणदार, एक सडपातळ, अबोल माणूस, येऊन खुर्ची काढून ठेवायचा आणि त्याची पाठ वळली की कुणीतरी परत लावायचं. केवढा बाऊ करतात हे लोक, असं म्हणून सगळे हसायचे. राखणदाराच्या बाजूने बोलणारा एकटा दादा. तो प्रत्येकाला टोकायचा. शेवटी त्याचं नावच फाटकवाले पडलं. मुलंही म्हणायला लागली, फाटकवाले काका आले.

दादाला एकच मुलगी. पाय म्हणून जमिनीवर टिकत नसे, त्यामुळे सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शाळेत जायचं वय अजून झालं नव्हतं. ती वर्षभराची असल्यापासून वहिनी नोकरीला जायची आणि भिंगरीला आई सांभाळायची. आमची आई त्यासाठीच तिकडे जाऊन राहिली होती.

तो दिवस सुट्टीचा होता. वसाहतीतलं एक कुटुंब कायमचं परत निघालं होतं, त्यांना निरोप म्हणून हिरवळीवर जेवण ठेवलं होतं. मी तेव्हा इथे माझ्या घरी होते. पुढे जे सांगते ते मला दादाने सांगितलं, आणि माझ्याखेरीज ते त्याने कुणालाही सांगितलेलं नाही.

सकाळपासून त्याने ती खुर्ची फाटकातून काढून बाजूला नेऊन ठेवली होती. दुपारी बायका गरम भांडी घेऊन येऊ लागल्या. एकीला कोपराने फाटक ढकलावं लागलं आणि हातातलं भांडं हिंदकळलं. आई तिथेच उभी होती. तिने खुर्ची ओढत आणली, फाटकात सरकवली आणि त्या बाईला म्हणाली, "ये गं, सावकाश ये." आमच्या आईचा जन्म दुसऱ्यासाठी दार धरण्यात गेला. दारात कुणी ओझं घेऊन उभं आहे आणि दार बंद आहे, हे तिला बघवायचंच नाही.

दादा हिरवळीवर पाहुण्यांच्या घोळक्यात बसला होता. त्याने हे पाहिलं. दुसरं कुणीही असतं तर तो तिथल्या तिथे ओरडला असता. गोदामातल्या साहेबाला चारचौघांत झापणारा हा माणूस. पण ती आई होती. वसाहतीतल्या सगळ्या बायका तिच्याभोवती होत्या, तिच्या पाया पडत होत्या, तिचं कौतुक चाललं होतं. एवढ्या लोकांत आईला कशाला टोकायचं, असं त्याच्या मनात आलं. जरा गर्दी पांगली की उठून हळूच काढू. तेवढ्यात परत निघालेल्या गृहस्थांनी त्याचा हात धरला आणि परदेशात यायच्या आधीच्या आठवणी काढायला सुरुवात केली. भला माणूस, डोळ्यांत पाणी आणून बोलत होता. त्याचा हात सोडवून कसं उठायचं?

भिंगरी कधी उठली ते कुणी पाहिलं नाही. तीस-चाळीस मोठी माणसं तिथे होती, प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्या कुणाजवळ आहे. आवाज झाला नाही. ती बुडताना हाका मारत असेल, हातपाय आपटत असेल असं आपल्याला वाटतं, तसं काही होत नाही म्हणे. वहिनीने तिचं ताट वाढलं आणि हाक मारली. दुसऱ्या हाकेला राखणदार धावला. सगळे ज्याला हसायचे त्याने बूट घालूनच उडी मारली.

श्वास परत आला. पण मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दवाखान्यातल्या बाकावर आई, वहिनी, दादा बसले होते. वहिनी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "फाटक उघडं कसं होतं? फाटक उघडं कसं होतं?" दादाने आईकडे पाहिलं. त्याला वाटलं, आता ती सांगेल. तर आईही त्याच्याकडे बघून म्हणाली, "हो रे, उघडं कसं राहिलं? तू तर काढली होतीस ना खुर्ची?"

आई खोटं बोलत नव्हती. खुर्ची सरकवणं ही तिच्या लेखी घडलेली गोष्टच नव्हती. वाटेतलं भांडं पायाने बाजूला करावं, तसं तिने ते केलं होतं आणि विसरून गेली होती. दादाला ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

आणि तो म्हणाला, "मीच परत लावली होती. भांडी न्यायला."

हे मला त्याने महिन्याभरानंतर सांगितलं. मी धावतपळत तिकडे गेले होते. दवाखान्याच्या आवारात गाडीत आम्ही दोघंच बसलो होतो. माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "तू वेडा आहेस का? आत्ताच्या आत्ता वर जाऊन खरं सांग. तुला जमत नसेल तर मी सांगते."

"काय सांगशील?"

"आईने लावली म्हणून."

"आणि मी बघत बसलो, ते पण सांगशील ना?" तो म्हणाला. "लावली तिने, राहू दिली मी. मला कळत होतं, तिला कळत नव्हतं. मग मोठी चूक कुणाची?"

"वहिनी तुझं तोंड बघत नाही."

"नाही बघत. पण आईच्या कुशीत शिरून रडते. अगं, तिला कुणाजवळ तरी रडायला हवं ना? माझ्याजवळ ती आता रडणार नाही, काहीही सांगितलं तरी. आईला पण तिच्यापासून तोडू का मी?"

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसं वाटत होतं. मी यातलं काहीच केलं नाही. त्याने माझ्याकडून वचन घेतलं आणि गाडीचं दार उघडून माझी वाट बघत उभा राहिला.

वसाहतीने चौकशी केली. दादाने तिथेही तेच सांगितलं. आता तिथे कुणालाच काही दिसलं नव्हतं असं कसं होईल? ती भांडंवाली बाई तर आईच्या समोरच होती. पण इतकी वर्षं त्या खुर्चीला प्रत्येकाचा हात लागला होता. एकाने खापर आपणहून डोक्यावर घेतल्यावर बाकीच्यांना हायसं वाटलं आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप बसलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही. "दुसऱ्याला शहाणपण शिकवायचा आणि स्वतः बघा," असं तोंडसुखही घेतलं त्यांनी. मी हे माझ्या कानांनी ऐकलंय, त्याच हिरवळीवर. त्यांच्यापैकी कुणी आज भेटलं तर मी ओळख दाखवत नाही.

गोदामात त्याला कुणी काही म्हटलं नाही. साहेबाने खांद्यावर हात ठेवला, हवी तितकी रजा घे म्हणाला. पण कामगारांच्या समोर उभं राहून काळजी घ्या असं म्हणायला त्याचं तोंड उघडेना. त्याने स्वतःच मागून स्टोअरमध्ये बदली घेतली. तिथे माल मोजायचा आणि गप्प राहायचं. शिडीवर कुणी चढलं तरी आता तो बघून न बघितल्यासारखं करतो, असं त्याच्या एका सोबत्याने मला सांगितलं. ते ऐकून मला जितकं वाईट वाटलं तितकं बाकी कशाचंच वाटलं नाही.

घरात हॉलची रचना बदलली. सोफा गेला, तिथे भिंगरीचा पलंग आला, बाजूला कफ ओढायचं यंत्र, नळीतून भरवायचं सामान, खिडकीच्या कट्ट्यावर घडी केलेले पंचे. ती डोळे उघडते, कधी कधी आवाजाच्या दिशेने मान वळवते. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. वहिनीने नोकरी सोडली. तेव्हा दिवसा आई आणि ती, संध्याकाळी दादा. तिला आंघोळ मात्र तोच घालतो. पाणी कोपराने बघतो, तिच्या मानेखाली हात घालतो आणि सबंध वेळ तिच्याशी बोलत असतो. वहिनी तेव्हा दुसऱ्या खोलीत निघून जाते. त्याच्या हातात पोर आणि समोर पाणी, हे तिला बघवत नाही.

वहिनी घर सोडून गेली नाही. ती त्याचा डबा भरते, कपडे वाळत घालते, कामापुरतं बोलते. आईवर मात्र तिचा जीव होता. आईचे पाय दाबेल, वेणी घालेल, कुठे निघाली तरी आधी आईला विचारेल. सासू-सुनेचं असं प्रेम मी कुठे पाहिलं नाही. आईसुद्धा तिची बाजू घेऊन दादाला टाकून बोलायची. "तुझ्या एका हलगर्जीपणाने," असं तिचं वाक्य सुरू व्हायचं. दादा मान खाली घालून जेवत राहायचा. मी जायचे तेव्हा हे ऐकून माझ्या हातातला घास हातातच राहायचा. एकदा मी तोंड उघडलंच होतं. दादाने नुसतं माझ्याकडे बघितलं.

गेल्या उन्हाळ्यात आईने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच ठेवा. मी पोचले तेव्हा तिची खाट भिंगरीच्या पलंगाशेजारी लावली होती. मला आत कुठेतरी वाटत होतं, की आता सुटेल दादा. आई गेल्यावर लपवायचं कारण राहणार नाही, मग तो वहिनीला सांगेल. आईच्या मरणाची अशी वाट बघणारी मी, पण वाटत होतं खरं.

एका सकाळी आई चांगली शुद्धीवर होती. तिने चमचाभर दूध घेतलं आणि दादाला हाक मारली. मी उशाशी होते, वहिनी भिंगरीचे केस विंचरत होती.

"जवळ ये," आई म्हणाली. "मनावर ओझं ठेवून जायचं नाही मला. त्या दिवसाचं मी तुला माफ केलं रे. मनापासून केलं."

दादा खाटेच्या कडेला बसला. त्याने तिचा हात धरला आणि म्हणाला, "बरं झालं आई."

मी दातांखाली पदर धरला.

मग आईने मान वळवून वहिनीकडे पाहिलं. "तू पण सोड आता बाई. माझ्याकडे बघून तरी सोड."

वहिनीचा हात थांबला. ती रडत नव्हती. "तुमचं मन मोठं आहे आई," ती म्हणाली. "माझं नाही. तुम्ही सोडून मला या घरात कुणी नाही. तुमच्या माघारी तुमच्यासारखं वागायला बघेन, पण हे मला जमायचं नाही."

आई दादाकडे बघत होती, तो काही बोलेल म्हणून. मीही त्याच्याकडे बघत होते, आणि त्या क्षणी मला कळलं की तो आताही सांगणार नाही आणि आई गेल्यावरही सांगणार नाही. वहिनीजवळ आईची आठवण तेवढी शिल्लक राहणार होती.

दादाने आईचा हात पांघरुणात सरकवला.

"तिचं बरोबर आहे," तो म्हणाला.