मले मान्य नाही

"बोल बे. खामगावात बोलला व्हता ते बोल."

आमच्या गावी, वरवट बकालला, पाटलाच्या ओट्यासमोर मी उन्हात उभा होतो. ओट्यावर लोडाला टेकून पाटील. बाजूला अकोल्याहून आलेला त्याचा वकील जावई. खांबाला पाठ लावून पाटलाचा पोरगा, माझ्याच वर्गातला. माझ्या मागे माझा बाप, मान खाली घालून. त्या वर्षी गावकीची, म्हणजे गावाची फुकट कामं करायची, पाळी आमच्या घरावर होती, म्हणून गावकीची काठी त्याच्या हातात होती.

आम्ही महार. ओट्याची पायरी आमच्यासाठी नव्हती.

झालं होतं असं. खामगावच्या हायस्कुलात इंग्रजीच्या मास्तरांनी वादसभा ठेवली. त्यासाठी वाद घालायचे शब्द आमच्याकडून पाठ करून घेतले. ऑन द कॉन्ट्ररी. इट डझ नॉट फॉलो. आय बेग टू डिफर. मला दाराजवळ वेगळं बसवायचे, पण शब्द तिथपर्यंत येत होते. मी ते रस्त्यानं चालताना तोंडात घोळवायचो. मोठ्या माणसाला तोंडावर 'तुमचं चुकतं' म्हणता येतं, आणि असं म्हणूनही जिवंत राहता येतं, हे मला नवीन होतं. आमच्या महारपुऱ्यात मोठ्या माणसापुढे एकच बोलणं. हो जी.

सभेत पाटलाच्या पोरानं इंग्रजीत सांगितलं, खेड्यात सगळे एका घरच्यासारखे राहतात. मी उठलो. आय बेग टू डिफर. म्हटलं, त्या घरात माझ्या मायच्या पदरात भाकर वरून टाकतात, हात लागू नये म्हणून. मोडकंतोडकं एवढंच बोललो. पोरं हसली. मला नाही, त्याला हसली. मग सुट्या लागल्या, आम्ही दोघं गावाला आलो, आणि ओट्यावरून मला बोलावणं आलं.

मी बोललो. येत होते ते सगळे शब्द बोललो. ओट्यावर हशा पिकला.

"पोपट बरा पढवलाय," जावई म्हणाला.

पाटील पुढं सरकला. "आता हे सांग इंग्रजीत. माहा बाप पाटलाचा कुत्रा हाय."

इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकातल्यासारखं सोपं वाक्य. फादर येत होतं. डॉग येत होतं. मागं बापाचा श्वास ऐकू येत होता.

"सांग ना बे!"

"आय बेग टू डिफर."

पाटलानं जावयाकडं पाहिलं. "काय म्हंते हा?"

"म्हणतो, मला हे मान्य नाही."

हशा मेला. पोरानं ओट्यावरून उडी टाकली आणि माझ्या पोटात लाथ घातली. मी गुडघ्यावर आलो. दुसरी लाथ बरगडीत. पाटील वरूनच बापाला म्हणाला, "तुहा हाय ना हा? मंग तू मार. काठी काहाले धरली हातात?"

बापानं मारलं. माझ्या पाठीवर, गावकीच्या काठीनं. जोर नव्हता. पाटलाला ते कळलं.

"तोंडावर मार. ज्या तोंडानं बोलला त्या तोंडावर."

बापाचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. खाली आला नाही. पाटील स्वतः उतरला, काठी हिसकली आणि माझ्या तोंडावर घातली. दात तुटून जिभेवर आले. मातीत रक्त थुंकलं. पुन्हा काठी आली तेव्हा मी ती धरली. दोन्ही हातांनी. पाटील ओढत होता, मी सोडत नव्हतो.

"माहा बाप माणूस हाय. खोटं बोलता तुमी."

मग गडी धावले. पुढचे मला फक्त पाय आठवतात.

बापानं खांद्यावर टाकून घरी आणलं. हळद भरली. मायनं फडक्यानं तोंड पुसलं. काठीही सोबत आणली होती, ती बापानं कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, "इंग्रजीत बोलला ते पह्यले मराठीत काऊन नाही बोलला बे?"

मी भ्यालो होतो. पाटलाला कळणार नाही अशा भाषेत मी नाही म्हटलं होतं. समजायला त्याला वकील लागला.

सकाळी पाटलाचा गडी आला. लाकडं फोडायला चल म्हणाला. बाप दारात उभा राहिला.

"येत नाही म्हणून सांग."

"काय?"

"मले मान्य नाही म्हणावं. ही काठी घेऊन जाय."

पाटलाच्या माणसांनी आमचं छप्पर जाळलं. आम्ही भांडी घेऊन खामगावला आलो. बाप सरकी काढायच्या जिनात कापसाचे बोजे उचलू लागला, मी पुन्हा शाळेत दाराजवळ बसू लागलो. मग एके दिवशी तिथून उठून पुढच्या बाकावर बसलो. मास्तरांनी पाहिलं. पोरं सरकली. मी हललो नाही.

समोरचे दात नाहीत, त्यामुळं इंग्रजी असो की वऱ्हाडी, माझं बोलणं फुसफुसतं. लोक हसतात. हसू द्या. मी बोलणार, आणि ज्याला बोलतोय त्याला कळेल अशाच भाषेत बोलणार. कोणी हात उगारला तर तो हात धरीन. तो मोडला तरी सोडणार नाही.