माघारी सर

आमच्या चित्रकलेच्या सरांची डाव्या हाताची दोन बोटं कधी स्वस्थ नसत. फळ्यावर रेघ वाकडी गेली, बोलताना तोंडून भलतंच निघालं, चहात साखर जास्त पडली, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट टेबलावर टक् करून आपटायचं. कंट्रोल आणि झेड. संगणकावर केलेली शेवटची गोष्ट रद्द करायच्या या दोन कळा. सर त्याला 'माघारी घेणं' म्हणत, आणि दिवसातून पन्नासदा म्हणत. त्यामुळे त्यांचं खरं आडनाव मागं पडलं आणि ते माघारी सर झाले. हे त्यांच्या कानावर होतं, पण त्यांनी कुणाला कधी रागावल्याचं मला आठवत नाही.

हिंगोलीकडच्या पुसेगावच्या अलीकडे आमची शाळा. तांड्यावरून आम्ही पाच-सहा पोरी शेतातल्या पायवाटेनं चालत जायचो. मी नववीत असताना शाळेत तीन संगणक आले. नारळ फुटला, उदबत्ती लागली, आणि मुख्याध्यापकांनी तिन्ही पडद्यांना हळदकुंकू वाहिलं. एका पडद्यावरचं कुंकू कुणी नीट पुसलंच नाही. पुढं वर्षभर तिथं बसणारी प्रत्येक पोरगी आपल्या चित्रात आलेला हा लाल ठिपका संगणकातल्या खोडरबरानं घासत बसायची. सर मागं उभे राहून हे मजेत बघायचे आणि मग खास जपून ठेवलेल्या जुन्या धोतराच्या फडक्यानं काच पुसून द्यायचे. ठिपका मात्र पुरता गेला नाही.

संगणक शिकवायला दुसरं कुणी तयार होईना, म्हणून तो तास चित्रकलेच्या माणसाच्या गळ्यात पडला. सरांनी तोवर सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या आणि काळ्या-पांढऱ्या फोटोंवर ब्रशनं रंग भरून दिले होते. हिंगोलीला आठ दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथं शिकवणाऱ्यानं पहिल्यांदा कंट्रोल झेड दाबून दाखवलं, तेव्हा सर खुर्चीतून उठले म्हणे. परत दाबा म्हणाले. परत. त्यांच्यासोबत गेलेले गणिताचे सर हा किस्सा हसत हसत सांगायचे, आणि माघारी सर तेवढ्यापुरते खिडकीबाहेर बघायचे.

शिकवायला ते फार चांगले होते, पण त्यांच्या तासाला मोकळं हसू नव्हतं. लाईट केव्हा जाईल याचा भरवसा नसायचा. बॅटरीचा डबा टूं टूं करायला लागला की आमच्याकडे पाच मिनिटं असत. त्या गडबडीत पोरी असेल तसं चित्र ठेवून देत, म्हणजे सेव्ह करत, आणि बंद करत. सर तेव्हा ओरडायचे, एरवी कधी नाही. "अगं, आधी नक्कल कर! असल अलग, नक्कल अलग. ठेवून बंद केलं ना, की मग माघारी जाता येत न्हाई." एका जुन्या स्टुडिओतून त्यांनी पदरमोड करून स्कॅनर आणला होता. आम्ही घरून आणलेला प्रत्येक फोटो ते आधी स्वतः आत घ्यायचे आणि 'असल' नावाच्या कप्प्यात ठेवायचे. त्या कप्प्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

एकदा त्यांनी घरच्या माणसाचा जुना फोटो स्वच्छ करायला सांगितला. मी माझ्या याडीचा, म्हणजे आईचा फोटो नेला. तांड्यातल्या बायकांच्या तोंडावर गोंदण असतं. याडीच्या हनुवटीवर तीन टिपके होते आणि कपाळावर एक. वर्गातल्या गावच्या पोरींनी फोटोकडे पाहिलं आणि एकमेकींकडे पाहिलं, तेवढंच झालं. पण मला ते फार लागलं. मी शेजारची कातडी उचलून एकेक टिपका झाकला. काम इतकं सफाईदार झालं की मला माझाच अभिमान वाटला. ठेवलं, बंद केलं.

सर आले. पडद्याजवळ वाकले.

"काहून काढलं?"

"चांगलं दिसत नव्हतं, सर."

"माघारी घे."

"बंद केलं, सर."

त्यांची दोन बोटं टेबलावर आपटली. मग त्यांनी 'असल' कप्पा उघडला आणि टिपक्यांसकट माझी याडी पुन्हा पडद्यावर आली. मी रडले. लाज कशाची वाटली ते तेव्हा नीट कळलं नाही, आज कळतं. बाकीच्या पोरी गेल्यावर सरांनी खिशातलं पाकीट काढलं आणि त्यातला एक फोटो माझ्या पुढ्यात ठेवला. गुलाबी गालांची, हसरी, तीन-एक वर्षांची पोर होती.

"ही माझी लेक," ते म्हणाले. "तुझ्याच वयाची असती."

पोर तापानं गेली होती. जत्रेत काढलेला हा तिचा एकुलता एक फोटो. काढताना तिची आई गर्दीत क्षणभर दिसेनाशी झाली आणि तिनं भोकाड पसरलं. डोळ्यांतलं काजळ गालभर ओघळलेलं, गालावरची तीट फिसकटलेली, तोंड वाकडं. फोटो भिंतीवर लावायचा म्हणून सरांनी ब्रश घेतला. काजळ झाकलं, तीट झाकली, गाल रंगवले, ओठ हसरे केले. इतरांच्या फोटोंना ते करायचे तसंच. "लई मन लावून केलं," ते म्हणाले. "बायकोला दाखवलं. ती म्हणली, माझं लेकरू रडत होतं. हे कोणाचं हाय?"

मग त्यांनी स्पिरिटच्या बोळ्यानं रंग काढायचा प्रयत्न केला, तर खालचा फोटोच सुटायला लागला. ते तिथंच थांबले. बायकोनं तो फोटो भिंतीवर लावू दिला नाही. खिळा ठोकलेला होता, तो तसाच राहिला.

त्या दिवसानंतर सर कशासाठी शिकवतात ते मला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. शाळा सुटल्यावर ते तो फोटो पडद्यावर मोठा करून बसायचे. गुलाबी कमी करायचे, ओठांची कड उसवायचे. खाली पांढुरकं काहीतरी निघायचं, चेहरा निघायचा नाही. दहावीत असताना कधी मला बसवायचे. "तुझी नजर नवी हाय. बघ बरं." मी बघायची. मला जमायचं नाही आणि तसं सांगायचा धीरही व्हायचा नाही. लाईट गेली की मला सुटल्यासारखं वाटायचं.

पुढं मी हिंगोलीत एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. सरांनी शिकवलेल्याच विद्येवर माझं पोट भरत होतं. दिवस-तेराव्याला लावायचे फोटो हे आमचं मोठं काम. घोळक्यातून म्हाताऱ्याचं डोकं उचलायचं, त्याला जन्मात न घातलेला कोट चढवायचा, मागं निळं आभाळ टाकायचं. लोक खूश होऊन जायचे.

निवृत्त झाल्यावर एक दिवस सर स्टुडिओत आले. पाकिटातून तोच फोटो काढला. "आता तुमच्याकडं मशिना चांगल्या आल्यात म्हणे." मी आठ दिवस घेतले. रडणाऱ्या लेकरांचे वीस-पंचवीस फोटो जमवले, कुणाचे डोळे घेतले, कुणाचं तोंड, काजळ ओघळवलं, तीट फिसकटवली. काळा-पांढरा छापला. सरांनी तो दोन्ही हातांत धरून उजेडाला नेला. मला वाटलं, जमलं.

पुढच्या आठवड्यात ते परत आले. खुर्चीवर बसले आणि चहा नको म्हणाले.

"बायको म्हणली, पोरगी गोड हाय. पण आपली न्हाई."

"अजून एकदा बघू, सर."

"नको, पोरी. मलाच तिचं तोंड आठवून राहिलं न्हाई. मी तुला काय सांगू, कसं पाहिजे ते?" जाताना मी केलेला फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला आणि रंगवलेला पाकिटात घातला. त्या तासाभरात त्यांची बोटं एकदाही आपटली नाहीत.

दोनेक वर्षांनी सर गेले. मला कुणी कळवलं नाही. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तेराव्याच्या आधी स्टुडिओच्या पायऱ्या चढून आल्या तेव्हाच कळलं. रडायलाही वेळ नव्हता, रांग होती. काकूंनी फोटो दिला. शाळेच्या कुठल्याशा कार्यक्रमातले सर, कॉलरवर हिरव्या रंगाचा डाग, एक डोळा अर्धवट मिटलेला, केस विस्कटलेले. मी स्कॅन केला, नक्कल केली, आणि सवयीनं हात कॉलरच्या डागाकडे गेला.

"राहू दे," काकू म्हणाल्या.

"डोळा तरी उघडते, काकू."

"न्हाई. ते असेच बघायचे. मला ते वळखू आले पाहिजेत."

मी माउस सोडला. काकूंनी पदराच्या गाठीतून आणखी एक फोटो काढला आणि सरांच्या फोटोशेजारी ठेवला. कडा झिजलेली, गुलाबी गालांची, हसरी पोर. "ही बी तेवढीच मोठी करून दे. बाजूला लावते."

मी फोटो उचलला आणि त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या मनातलं त्यांना समजलं असावं.

"माझी न्हाई ही," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं तेच म्हणत आले. पण त्यांनी केलेली हाय ना. लई मन लावून केली व्हती. एकदा तरी त्यांच्यादेखत लावायची व्हती मी भिंतीला."

ओठाजवळ स्पिरिटनं उडालेला एक पांढरा चट्टा होता. तो भरू का, असं विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी विचारलं नाही. दोन्ही फोटो होते तसे छापले, आणि भिंतीवर तेव्हाचा खिळा एकच आहे, दुसरा लागेल, एवढं काकूंना सांगितलं.