एकवीस केशरी दगड

खारी गावचा शिवदास मिठागरात वाढला आणि नोकरी लागली डोंगरावर. काशीमिऱ्याच्या राखीव जंगलात तो रोजंदारीवर राखणदार होता. या बाजूला बदली होऊन जेमतेम वर्ष झालं, तोच एके दिवशी साहेब म्हणाले, "सोमवारी मोठे साहेब येतायत. दगडावर रंगाचा एक ठिपका दिसता कामा नये. नीट केलंस तर तुला कायम करायची शिफारस करतो."

रंगाचं असं झालं होतं. भाईंदरला नव्याने राहायला आलेल्या बँकवाल्या शशिकांतने नव्वद साली ट्रेकिंगचा ग्रुप काढला आणि वाट चुकू नये म्हणून दगडांवर बाण रंगवले. तेही केशरी!

"केशरी लांबून क्लिअर दिसतो ना, शिवदासभाऊ!" शशिकांत सांगायचा.

तो तिथल्या आदिवासी पाड्यातल्या बायकांनाही क्लिअर दिसला. केशरी दगड म्हणजे वाघापासून राखणारा वाघोबा, त्यात विचारायचं काय? दगडादगडावर नारळ फुटले, शेंदूर चढला. बाण दिसेनासे झाले, उरले नुसते देव.

आता त्यातला खरा, जुना वाघोबा कुठला? शिवदासने पाड्यातल्या बबनम्हाताऱ्याला विचारलं.

"ह्यो बी वाघोबा, त्यो बी वाघोबा. नारळ फोडला ना? मंग झाला देव!"

बायको पुष्पलता तर कडाडलीच. "पुसा खुशाल! वाघ दारात आला का दावा त्याला तुमचा कायमचा कागद!"

शेवटी शशिकांतला गाठलं. तो म्हणाला, "एक्झॅक्ट एकवीस बाण. डायरीत लिहिलेत."

शिवदासने दगड मोजले. एकवीसच. म्हणजे सगळे बाणच? मग वाघोबा गेला कुठे?

डोकं चालेना. रविवारी रॉकेलचा डबा आणि चिंध्या घेऊन तो चढला. दगडाला हात जोडायचे, "चूक झाली तर पोटात घाल" म्हणायचं आणि घासायचं. शेंदूर निघे, खाली बाण. बाण निघे, खाली काळा दगड. तेरा दगड झाले. चौदाव्याचा शेंदूर निघाला, बाणही निघाला, पण खाली काळं काही येईना. खाली पुन्हा शेंदूरच, बोटभर जाड, कैक पिढ्यांचा. शशिकांतने बाण थेट देवावरच काढला होता.

शिवदासचा हात थांबला. ठिपका राहिला तर कायमचा कागद जातो, पुसला तर देव. चौदावा त्याने तसाच ठेवला. मग डबा उचलून उरलेले सात दगड घासून आला.

सोमवारी मोठे साहेब चौदाव्यापाशी थबकले. "हे काय?"

"बाण सगळे पुसले, साहेब. ह्यो बाणाच्या आधीचा हाय."

साहेबांनी दगडाकडे पाहिलं, शिवदासकडे पाहिलं. मागे ड्रायव्हर केव्हाच चपला काढून उभा होता. "बघू," एवढंच म्हणून साहेब खाली उतरले.

घरी पुष्पलताने विचारलं, "काय म्हनले?"

"बघू म्हनले."

"म्हंजी हो का न्हाय?"

शिवदास मोरीत बसून नखांतला शेंदूर काढत होता. तो निघत नव्हता. "मला तरी कुठं समजलंय?" तो म्हणाला.