काचेतली सूनबाई

आमचे घरमालक आबा आधी खाकरायचे, मग दार ढकलायचे. घरात सुना असल्या की वडीलधाऱ्याने आवाज देऊनच आत यावं, ही त्यांची शिस्त. असे सासरे तुम्हीही पाहिले असतील. माझ्या खोलीत मात्र मी एकटाच राहत होतो.

२००६च्या सुमारास हिंजवडीत नोकरी लागली आणि मी कासार आंबोलीत त्यांची वरची खोली भाड्याने घेतली. सोबत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आणली. आबांनी ती निरखून पाहिली.

"समुद्र हितं कशापायी आनला? ताम्हिणी घाट उतरलं की हायेच की!"

टाकीत नळीत राहणारा एक किडा होता. बोटाएवढी चिवट नळी आणि तिच्या तोंडाशी पिसांचा झुपका. आबा वाकले, सावली पडली, झुपका गडप.

"सासरा आला की आत जातीया. सून हाय ही!" ते भलतेच खूश झाले. तेव्हापासून टाकीपुढे वाकण्याआधीही ते खाकरू लागले. किड्याला कान नसतात हे मी दोनदा सांगून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

एका सकाळी नळीवर पांढऱ्या गाठी दिसल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. टाकीचं सामान विकणारा दुकानदार फोनवर म्हणाला, रोग असेल, किडा काढून टाका, नाहीतर सगळी टाकी जाईल. दोन वर्षं जपलेली टाकी! मी चिमटा घेऊन पुढे झालो. तेवढ्यात खाकरत आलेल्या आबांनी झाकणावर हात ठेवला.

"दम धरा. फुटवा हाय त्यो, बुडातनं नवं कोंब."

"आबा, हे भात नाही!"

"भात लावून लावून हात झिजलं माजं. फुटव्यावर आल्यालं कुनी उपटतं व्हय? आठ दिस द्या."

मला राग आला होता, तरी आठ दिवस दिले. रोज सकाळी ते खाकरत यायचे, गाठी मोजायचे आणि "दम धरा" म्हणून जायचे.

सातव्या दिवशी ते आले नाहीत. झोपेतच गेले होते.

घरात माणसांची ये-जा सुरू झाली. चिमटा टाकीवर तसाच पडून राहिला. तो उचलायची मला हिंमत होईना. तेराव्याच्या सकाळी पाहिलं तर प्रत्येक गाठीतून नखाएवढा पिसांचा झुपका बाहेर आला होता. चांगले पाच. पुस्तकात त्याला काही वेगळं नाव असेल, मी फुटवाच म्हणतो. धावत जाऊन सांगावं असा एकच माणूस होता. मला रडू आवरेना.

मग डोळे पुसले, खाकरलो आणि टाकीपुढे वाकलो. सूनबाई पोरांसकट आत गेली.