धरलं, असं तो म्हणाला

कलादालनात चित्रं टांगायचं आणि उतरवायचं काम करणाऱ्या त्या माणसाला सगळे पाणसळ म्हणत. गवंड्यांकडे असते ती बुडबुड्याची पट्टी त्याच्या खिशात कायम असे, आणि त्याच्या स्वभावातला बुडबुडाही मधून हललेला कुणी पाहिला नव्हता. तरुणपणी त्याने लोकांची कपाटं जिने चढवली, मग रुग्णालयांत यंत्रं पोचवली, मग इथे आला. लग्न ठरताना सासऱ्याने त्याला एकच प्रश्न विचारला होता, "हातून कधी काही पडलंय का?"

"अजून तरी नाही."

सासरा एवढा खूश झाला, की मुलीपाठोपाठ मुलगाही त्याच्याच हवाली केला. तेव्हापासून मेहुणा आणि तो अशी जोडी. एक टोक याच्याकडे, एक त्याच्याकडे.

चित्र उचलणाऱ्याने चित्राकडे बघायचं नसतं, हे त्याने मेहुण्याला आल्याआल्या शिकवलं. कड बघायची, जमीन बघायची, जोडीदाराचे डोळे बघायचे. आणि एक शब्द पाळायचा. एकाला हात सोडायचा असला की तो विचारतो, "धरलं?" दुसऱ्याने सगळा भार अंगावर घेतला की तो म्हणतो, "धरलं." त्याआधी बोटसुद्धा हलवायचं नाही. दोन घरांच्या चुली या एका शब्दावर पेटत होत्या.

ते चित्र लाकडी खोक्यातून आलं. खोकं आडवं होतं, त्यामुळे झाकण काढून कागद बाजूला सारताच चित्राचं तोंड थेट त्याच्या तोंडासमोर आलं. नियम पाळायला वेळच मिळाला नाही. चित्रात तसं काही नव्हतं. एक स्टूल, त्यावर पाण्याचं भांडं, स्टुलाच्या कडेला लोंबणारा टॉवेल, मागे राखाडी भिंत. भिंतीवर उजेड पडला होता. तो उजेड कुणाची तरी वाट बघत थांबला होता, आणि ते कुणीतरी आता येणार नव्हतं.

आधी त्याच्या पोटऱ्या गार पडल्या. मग कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज सुरू झाला. छातीत कुणीतरी आतून दार लोटत होतं. त्याला रडू फुटलं आणि दुःख कसलं ते काही केल्या आठवेना. तो कसाबसा संडासापर्यंत पोचला आणि तिथे त्याला उलटी झाली.

"दाजी, ताईनं काल रात्री काय वाढलं होतं?" मेहुण्याने दाराबाहेरून विचारलं. "मला सांगा, म्हणजे मी जेवायला येणार नाही."

तो हसला. बाहेर येऊन त्याने चित्र टांगलं, पण सगळा वेळ डोळे आपल्या अंगठ्यांवर ठेवून.

इथवर सगळं निभावलं असतं. पण दुसऱ्या दिवशी खिळा सैल झालाय का ते बघायचं निमित्त काढून तो त्या दालनात गेला. नंतर निमित्तंही काढेनासा झाला. जायचा, भिंतीला टेकून उभा राहायचा, पाय लटपटायला लागले की बाहेर यायचा. बाहेर आला की सुटल्यासारखं वाटे. ते सुटणं संध्याकाळपर्यंतही टिकत नसे. जेवताना घास तोंडातच फिरत राही. बायको म्हणायची, "अहो, भाजी आहे ती. च्युइंगगम नाही." डॉक्टरने छाती तपासली, रक्त तपासलं, म्हणाला, घोड्यासारखे ठणठणीत आहात. खरं काय ते तो डॉक्टरला सांगू शकला नाही. काय सांगणार? एक भांडं बघून रडू येतं?

मग दालनाला रंग द्यायचं ठरलं आणि चित्र उतरवायचा हुकूम आला. आज मला जमायचं नाही, हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण का, असं कुणीतरी विचारलं असतं. त्याने हातमोजे चढवले.

चौकट जाड लाकडाची, वर काच. दोघांनी चित्र आकड्यावरून सोडवून कंबरेपर्यंत खाली घेतलं. ढकलगाडी थोडी लांब राहिली होती. ती हाताने ओढून घ्यायची म्हणून मेहुण्याने विचारलं, "धरलं?"

पाणसळ त्या क्षणी भिंतीवरचा उजेड बघत होता. त्याच्या मनगटांतून जीव केव्हाच निघून गेला होता. पण इतक्या वर्षांची सवय तोंडात होती.

"धरलं," असं तो म्हणाला.

काच फुटली. चित्राला ओरखडाही आला नाही. चौकटीचा कोपरा मेहुण्याच्या पावलावर आदळला आणि आतल्या हाडांचा चुरा झाला. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण ओझं उचलायचं आता विसरा.

मेहुणा दवाखान्याच्या खाटेवरून हळूच म्हणाला, "दाजी, हातमोजा घसरला म्हणा. चक्कर आली म्हणा. लोकांना पटेल असं काहीतरी बोला. माझं गेलं ते गेलं, तुमचं तरी राहू द्या."

चौकशीला दालनाच्या प्रमुख बाई बसल्या होत्या. वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला आधी पाणी दिलं.

"नक्की काय झालं?"

"मी चित्र बघत होतो."

"बघत होता म्हणजे?"

"बघत होतो."

बाईंशेजारचा कारकून फसकन हसला. बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले, पण त्यांचा आवाजही बदलला. "अहो, इथे रोज माणसं चित्रंच बघायला येतात. कुणाच्या हातापायांतलं बळ जात नाही. पिता का तुम्ही?"

खरं कारण सांगाल तेव्हा या, असं म्हणून त्याला घरी बसवलं.

घरात बायको बोलेनाशी झाली. दवाखान्यातून इकडेच आणलेला तिचा भाऊ बाहेरच्या खोलीत कुबड्या उशाशी घेऊन पडलेला आणि नवरा भिंतीकडे तोंड करून. शेवटी एका सकाळी भांडी घासता घासता तिने नळ बंद केला.

"बाई आहे का कुणी?"

"नाही गं."

"पिता?"

"माझ्या तोंडाला कधी वास आलाय का?"

"मग मला दाखवा ते चित्र. माझ्या भावाचा पाय खाल्ला ते कसं दिसतं, ते बघायचंय मला."

दोघं तिकीट काढून गेले. चित्राला नवी काच बसली होती आणि ते दुसऱ्या दालनात लागलं होतं, बाहेरून आणलेल्या माणसांनी लावलेलं. तो चित्राकडे पाठ करून उभा राहिला. ती पुढे गेली, वाकली, मागे सरकली.

"भांडं?" ती म्हणाली. "एवढंच? टॉवेलसुद्धा धड वाळत घातलेला नाही."

तो पाठमोराच राहिला.

"इकडे बघा."

"नको."

"म्हणजे थापच मारली. साऱ्या जगासमोर माझं हसं केलंत." तिचा आवाज फाटला. औषध घ्यायला तयार नसलेल्या पोराची धरावी तशी तिने त्याची हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने त्याचा हात पकडला आणि त्याला वळवलं.

तिच्या मुठीतला त्याचा हात आधी गार झाला. मग घामाने निसटायला लागला. मग त्याला असं कापरं भरलं, की तिचा खांदाही हलू लागला. तो गुडघ्यांवर बसला. त्याच्या घशातून जो आवाज आला, तो तिने इतक्या वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता, त्याची आई गेली तेव्हाही नाही.

पहारेकरी खुर्ची घेऊन धावला आणि त्याने त्याला तीत बसवलं. माणसं थांबून बघू लागली. तिला आता काही विचारायचं उरलं नव्हतं. इतके दिवस ती मनातून दारूच निघो म्हणत होती. दारू सोडवता येते. बाई असती तर तिच्या दारात जाऊन चार शिव्या घालता आल्या असत्या. नवरा खरं बोलत होता, आणि या खऱ्याला कुठे न्यायचं, कुणाच्या पाया पडायचं, हे तिला कळत नव्हतं.

तिने दोन्ही हात पसरले आणि ती त्याच्या आणि चित्राच्या मध्ये उभी राहिली. तो खुर्चीत मान डावीकडे झुकवत होता, उजवीकडे झुकवत होता.

"सरक," तो म्हणाला. "अगं, थोडी सरक."