टॉफी आता घरापासून दहा मिनिटांवर

मंडळी, आज आमची टॉफी नव्या तबेल्यात आली. टॉफी म्हणजे माझी तपकिरी घोडी.

जुना तबेला आमच्या ब्रिस्टलमधल्या घरापासून तासाभरावर. हिवाळ्यात माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, स्ट्रोक आला आणि त्याला एकटं सोडून तिकडे जाणं जमेना. घोडी विकायचं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण मिलिंदच अडखळत म्हणाला, "विकू नकोस. जवळ आण."

आज सकाळी टॉफी ट्रेलरमधून उतरली, पण तबेल्यात पाऊल टाकेना. घामाघूम होऊन जुन्या सोबत्यांसाठी खिंकाळत राहिली. तबेल्याच्या मालकीणबाई म्हणाल्या, "नो रश, लव्ह," म्हणजे घाई नाही गं, सावकाश होऊ दे. माझा मात्र धीर सुटत चालला.

मिलिंद गाडीतच बसला होता. अचानक दार वाजलं. पाहते तर स्वारी काठी टेकत येतेय! घोड्यांना आजवर लांबूनच नमस्कार करणारा हा माणूस.

"अरे, पडशील!" मी ओरडले.

त्याने ऐकलं नाही. टॉफीच्या मानेवर हात ठेवून नुसता उभा राहिला. हळूहळू ती शांत झाली. मग आतल्या म्हाताऱ्या पोनीने हाक दिली, टॉफीने कान टवकारले आणि आपणहून आत गेली.

परतताना मिलिंद म्हणाला, "उद्या... मीही येणार."

हॉस्पिटलमधून आल्यापासून त्याच्या तोंडून 'उद्या' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

तुमच्या घरी कुणी आजारातून उठलं असेल तर सांगा ना, त्यांना पुन्हा घराबाहेर कशाने काढलं?